मोबाईलचा टॉवर, तेजाबाचा हौद आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

'सामाजिक जबाबदारी' हा शब्द व्यापाराच्या बातम्यांत आता वरचेवर वाचायला मिळतो. एखादी मोठी कंपनी शाळेला संगणक देते, दवाखान्याला रुग्णवाहिका देते, फोटो छापून येतो आणि खाली हा शब्द असतो. यावरून आपल्यातील पुष्कळ लहान व्यापाऱ्यांची अशी समजूत झाली आहे की हे मोठ्यांचे काम. आपण ज़कात काढली, रमज़ानमध्ये चार घरी राशन पोचविले, मदरशाची पावती फाडली की हिशेब चुकता. या समजुतीत काय उणे आहे, हे एका टेलिफोन कंपनीच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे. कंपनी शेजारच्या बांगलादेशातली, ग्रामीणफोन. मुद्दाम अशी कंपनी घेतली आहे की जिचे नाव चांगल्या कामासाठी जगभर झाले. बदनाम कंपनीच्या उदाहरणातून शिकण्यासारखे फार थोडे असते, कारण तिचे सगळे आधीच ठाऊक असते.

या कंपनीची कल्पना इक़बाल क़ादिर नावाच्या एका बांगलादेशी तरुणाची. १९७१ च्या युद्धात त्यांचे कुटुंब गाव सोडून आडवळणाच्या खेड्यात राहिले होते. लहान भावंडासाठी औषध आणायला आईने या मुलाला दुसऱ्या गावी पाठविले. सकाळभर चालून तो पोचला, तर औषध देणारा गृहस्थ जागेवर नाही. दुपारभर चालून तो रिकाम्या हाताने परत आला. पुढे ते अमेरिकेत शिकले, न्यूयॉर्कमध्ये गुंतवणुकीच्या कंपनीत नोकरीला लागले. १९९३ साली एके दिवशी कचेरीतील संगणकांचे जाळे बंद पडले, सगळे हात बांधून बसले आणि त्यांना तो वाया गेलेला दिवस आठवला. जिथे एकमेकांशी बोलण्याचे साधन नाही तिथे माणसाची मेहनत वाया जाते, हे त्यांनी त्यातून काढले.

आपल्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भाव कळायला दोन दिवस लागत होते तेव्हा दलाल किती खात असे आणि फोन आल्यावर किती खाऊ लागला, हे ज्याने सूत बाजार पाहिला आहे तो जाणतो.

क़ादिर यांनी ग्रामीण बँकेचे मुहम्मद युनूस यांना पटविले, नॉर्वेची टेलेनॉर ही कंपनी भांडवल घेऊन आली, नोव्हेंबर १९९६ मध्ये परवाना मिळाला आणि २६ मार्च १९९७ रोजी, बांगलादेशच्या स्वातंत्र्यदिनी, सेवा सुरू झाली. टॉवर उभे राहिले तरी टॉवरपासून टॉवरपर्यंत संदेश नेणारी वाट हवी असते. तीही एक हुशारीने मिळाली. नॉर्वेच्या मदतीने बांगलादेश रेल्वेने आपल्या रुळांच्या कडेने सुमारे १,८०० किलोमीटर काचतंतूंची केबल टाकलेली होती. रेल्वेला तिचा थोडाच उपयोग होता. ती ग्रामीणफोनने भाड्याने घेतली. रेल्वेला पडून असलेल्या मालाचे भाडे मिळाले, कंपनीची वर्षे वाचली.

खरी कीर्ती झाली ती 'व्हिलेज फोन' योजनेची. ग्रामीण बँकेची सभासद असलेली गावातली बाई बँकेकडून कर्ज घेऊन मोबाईल संच घेई. ग्रामीण टेलिकॉम ही संस्था ग्रामीणफोनकडून बोलण्याचा वेळ घाऊक आणि सवलतीच्या दरात घेऊन तिला देई. ती गावकऱ्यांना तो मिनिटावर विके. आखातात गेलेल्या मुलाचा फोन तिच्या अंगणात येई, शेतकरी शहरातला भाव तिच्याकडून विचारून घेई. फेरीवाल्याने ठोक बाजारातून तागा आणून गावात मीटरने विकावा, तसाच हा धंदा. अशा बायांची संख्या वाढत वाढत अडीच लाखांच्या आसपास गेली. कंपनीला यात तोटा नव्हता, उलट एका व्हिलेज फोनवरून शहरी ग्राहकाच्या कितीतरी पट बोलणे होई. पुढे संच स्वस्त झाले, घरोघर मोबाईल आला आणि या बायांचे उत्पन्न आटले. पण दहा वर्षे तरी तो खरा, हलाल रोज़गार होता, आणि त्याला ख़ैरात म्हणणे हा त्या बायांचा अपमान होईल. २००६ साली युनूस आणि ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या कीर्तीत या फोनवाल्या बायांचाही वाटा होता.

आता वहीची दुसरी बाजू पाहू.

मे २००८ मध्ये डेन्मार्कचे पत्रकार टॉम हाईनेमन यांनी केलेला एक माहितीपट युरोपात दाखविला गेला. त्याच्या नावाचा अर्थ 'आश्वासनांचा मनोरा' असा होतो. ग्रामीणफोनसाठी टॉवर तयार करणारे कारखाने कसे चालतात, हे त्यात होते. फोन सर्वांना दिसतो, टॉवरही दिसतो, पण टॉवरचे लोखंड कुठून येते हे कोणी विचारीत नाही. टॉवर म्हणजे लोखंडी अँगलचा सांगाडा. पावसात तो गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर चढवितात. त्यासाठी अँगल आधी तेजाबाच्या हौदात बुडवून गंज आणि मळ काढतात, मग धुतात, क्षाराच्या पाण्यातून काढतात आणि शेवटी साडेचारशे अंश तापलेल्या वितळलेल्या जस्तात बुडवितात. तेजाबाची वाफ डोळ्यांत आणि छातीत जाते, ओला अँगल जस्तात गेला तर जस्त उडते. नीट चालविलेल्या कारखान्यात वाफ ओढणारे पंखे, हातमोजे, चष्मे, बूट आणि घाण पाणी निवळविण्याची सोय असते. चित्रीकरणात दिसले ते असे की मजूर पुरेशा संरक्षणाशिवाय तेजाबाजवळ काम करीत आहेत, त्यांत लहान वयाची मुले आहेत आणि कारखान्याचे पाणी शेजारच्या भातशेतीत जात आहे.

ज्यांनी प्रोसेस हाऊस आतून पाहिले आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. कॉस्टिक सोडा, ब्लीचिंग, रंगाचे पाणी, बॉयलरची आग आणि रबरी चपलेतले पाय आपल्याकडेही आहेत. फक्त आपल्याकडे कॅमेरा घेऊन कोणी आला नाही.

नॉर्वेत गहजब झाला. टेलेनॉरमध्ये नॉर्वे सरकारचेच निम्म्याहून अधिक भाग आहेत, म्हणजे हा प्रश्न तिथल्या प्रत्येक नागरिकाच्या खिशापर्यंत जात होता. कंपनीने ही परिस्थिती चालणारी नाही हे मान्य केले आणि आपल्याला याची माहिती नव्हती असे सांगितले. त्यानंतर पुरवठादारांच्या करारात अटी घालणे आणि न सांगता जाऊन कारखाने तपासणे हे काम तिने हाती घेतले.

'आम्हाला माहिती नव्हती' हे उत्तर नीट तपासले पाहिजे, कारण ते आपणही रोज देतो. कंपनीने टॉवर बनविले नव्हते, विकत घेतले होते. माल तिचा, हौद दुसऱ्याचा. कापडाच्या व्यापाऱ्याचीही तीच मांडणी असते. सूत माझे, सायझिंग दुसऱ्याचे, माग खर्चीवाल्याचे, रंग तिसऱ्याचा, शिलाई चौथ्याची. शेवटी तागा माझ्या दुकानात येतो, त्यावर शिक्का माझा लागतो आणि नफाही मीच घेतो. मग मधल्या चार घरांत काय झाले याचे उत्तर देण्याची वेळ आली की मी फक्त खरेदीदार कसा होतो?

कोणी म्हणेल की एवढ्या लांबचे कसे कळणार. माझे मत असे की भाव ठरविणाऱ्याला ते कळते. एक हिशेब करू, आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा रंगाईचा दर मीटरला आठ रुपये चालू आहे आणि त्यातले पन्नास पैसे पाणी शुद्ध करण्यावर जातात. एक प्रोसेसवाला साडेसात रुपयांत काम मागतो. कोळसा त्यालाही त्याच भावाने मिळतो, रंगही त्याच दुकानातून येतो, यंत्रेही तीच. दहा हजार मीटरच्या एका लॉटमागे पाच हजार रुपये वाचले म्हणून मी खूश झालो, पण ते पाच हजार कुठून आले? एक तर त्याने मजुरी कापली, नाही तर पाणी तसेच नाल्यात सोडले. बारीकसारीक तपशील मला माहीत नसेल. पण तीस वर्षे या बाजारात बसलेल्या माणसाने साडेसातचा दर ऐकून 'कसे परवडते कोणास ठाऊक' म्हणावे, हे खरे नाही. त्याला ठाऊक असते. इचलकरंजीच्या कारखान्यांचे सांडपाणी आणि पंचगंगेचे प्रदूषण हा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला, तोही असल्याच पन्नास पन्नास पैशांतून.

कमी मापून देणाऱ्यांबद्दल क़ुरआनात एक पूर्ण सूरह आहे आणि हज़रत शुऐब (अलै.) यांच्या क़ौमचा क़िस्सा आपण ख़ुतब्यात पुष्कळदा ऐकला आहे. आपण त्याचा अर्थ गज आणि तराजू एवढाच घेतो. मजुराच्या श्रमाचे माप, नदीच्या पाण्याचे माप हेही मापच आहे, असे मला वाटते. याचा तपशील आलिमांनी सांगावा, तो माझा अधिकार नव्हे.

आता आपल्या देशाचा कायदा. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असा तो नियम आहे. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठरलेल्या निधीत भरावी लागते आणि चुकल्यास दंड होतो. टॉवर उभारणाऱ्या कंपन्याही त्यात आल्या. कायदा चांगला आहे. त्यातून शाळा झाल्या, दवाखाने झाले. पण तो पैसा कसा खर्चला एवढेच विचारतो. तो कसा कमावला हे या कलमाच्या कक्षेत येत नाही, उलट कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातले काम आणि केवळ स्वतःच्या नोकरांच्या फायद्याचा खर्च या दोन टक्क्यांत धरताच येत नाही. ग्रामीणफोनची फोनवाल्या बायांची योजना आपल्याकडे असती तर ती बहुधा या हिशेबात बसली नसती, आणि तेजाबाच्या हौदाजवळचे हातमोजेही बसले नसते.

काही बंधू कंपनीचे दोन टक्के आणि ज़कातचे अडीच टक्के यांची सरमिसळ करू लागले आहेत. दोन्हींचा पाया वेगळा आहे. तो खर्च नफ्यावर ठरतो, ज़कात वर्षभर ताब्यात राहिलेल्या मालावर, दुकानातल्या साठ्यावर निघते, मग त्या वर्षी नफा थोडा का असेना. एकाने दुसरे फिटत नाही. आणि ज़कातनेही मजुराची थकलेली मजुरी फिटत नाही, कारण ती आपली मालमत्ताच नव्हती. दुसऱ्याचा पैसा गल्ल्यात ठेवून त्याच्या अडीच टक्क्यांचे सवाब मोजणारा सेठ आपण सर्वांनी पाहिला आहे.

ग्रामीणफोनच्या गोष्टीत आणखी एक धडा आहे, तो जाता जाता सांगतो. युनूस यांचे म्हणणे होते की काही वर्षांनी टेलेनॉरने आपले भाग कमी करावेत आणि बहुमत ग्रामीणकडे, म्हणजे गरिबांच्या संस्थेकडे, यावे असे १९९६ मध्येच ठरले होते. टेलेनॉरचे म्हणणे असे की तो इरादा होता, बांधील करार नव्हता. नोबेलच्या सुमारास हा वाद जगापुढे आला आणि बहुमत अखेर टेलेनॉरकडेच राहिले. क़ुरआनातील सर्वांत लांब आयत उधारीची लिखापढी करण्याबद्दल आहे, हे आपल्याला मकतबमध्ये शिकविलेले असते. तरी भागीदारी आपण अजून चहाच्या कपावर करतो.

पुन्हा मुलांकडे येऊ. असा कारखाना उघडा पडला की मोठ्या खरेदीदाराचा पहिला विचार 'करार तोडा' हाच असतो. बांगलादेशातच याचा कडू अनुभव आहे, आणि तो आपल्या धंद्यातला आहे. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत बालमजुरीने बनलेला माल अडविण्याचे विधेयक चर्चेत होते. ते मंजूर होण्यापूर्वीच ढाक्याच्या कपडा कारखानदारांनी घाबरून मुलांना काढून टाकले. युनिसेफच्या अंदाजाने ही मुले सुमारे पन्नास हजार होती. घरी चूल पेटत नव्हती म्हणून ती कामाला आली होती. काढल्यावर ती शाळेत गेली नाहीत, त्यांतली पुष्कळ खडी फोडायला आणि त्याहून वाईट कामांना लागली. मग १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला. त्यानुसार मुलांसाठी शाळा काढायच्या, घरी काही मासिक रक्कम द्यायची आणि शाळेची सोय झाल्याशिवाय मुलाला काढायचे नाही. सुरुवात या करारानेच झाली असती तर ती दोन वर्षे वाया गेली नसती.

आपल्याकडे २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. सवलत अशी की शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत ते घरच्या धंद्यात हातभार लावू शकते, तेही काम धोक्याचे नसेल तर. १४ ते १८ मधल्या मुलांना धोक्याची कामे बंद आहेत. मालेगाव, भिवंडीच्या घरांत कांडी भरणारे पोर घरचे आहे की बाहेरचे, आणि सकाळी अकराला ते शाळेत असते की चरख्याजवळ, हे माल घ्यायला गेलेल्या व्यापाऱ्याला एका नज़रेत दिसते. तिथे मागवालाच गुन्हेगार ठरवून निघून येणे सोपे आहे. पण त्या मागवाल्याला पीकमागे जी मजुरी आपण देतो, तिच्यात त्याला मोठा माणूस कांडीवर ठेवणे परवडते का? नसेल तर ते पोर आपल्याही भावाने बसविलेले आहे.

जगाचा व्यापारही आता याच वाटेने चालला आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मेले. तिथे शिवलेल्या कपड्यांवर युरोप-अमेरिकेच्या दुकानांची लेबले निघाली आणि काहींनी पुन्हा तेच सांगितले की माल तिथे बनतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. टेलेनॉरच्या देशात, नॉर्वेत, १ जुलै २०२२ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांपर्यंत जाऊन मजुरांची स्थिती तपासणे आणि विचारणाऱ्या नागरिकाला उत्तर देणे कायद्याने भाग झाले. जर्मनीचा तशाच स्वरूपाचा कायदा १ जानेवारी २०२३ रोजी लागू झाला. सोलापूरचा टॉवेल परदेशी पाठविणाऱ्यांना आणि त्यांना सूत देणाऱ्यांना हे प्रश्न विचारले जातात. या अटींमागे त्यांचा स्वार्थही आहे, आणि तपासणीचा खर्च ते आपल्यावर टाकतात व भाव मात्र वाढवून देत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. पण प्रश्न विचारणारा स्वार्थी आहे म्हणून प्रश्न चुकीचा होत नाही.

लहान व्यापाऱ्याला यातले काय करता येईल? टॉवर कंपनीसारखे तपासनीस ठेवायला आपल्याकडे पैसा नाही, गरजही नाही, कारण आपले पुरवठादार दोन गल्ल्यांवर आहेत. महिन्यातून एकदा गादीवरून उठून सायझिंगमध्ये, प्रोसेसमध्ये जावे, फोन न करता. बॉयलरमध्ये काय जळते ते पाहावे. पाणी कुठे जाते ते विचारावे आणि त्या दिशेने चार पावले चालावे. दर ठरविताना पाण्याचा आणि हातमोजाचा खर्च चिठ्ठीवर वेगळा लिहून घ्यावा. वेगळा लिहिलेला खर्च कापायला माणूस दहा वेळा विचार करतो. एकट्याने दर वाढविला तर शेजारचा दुकानदार स्वस्त विकतो, ही अडचण खरी आहे. म्हणून हे काम बाज़ाराच्या असोसिएशनने घ्यावे. सुताच्या भावासाठी बैठक होते, तशी यासाठीही होऊ शकते.

आणि सर्वांत आधी मजुरी वेळेवर. घाम वाळण्याची हदीस आपल्या प्रत्येकाला पाठ आहे आणि नव्वद दिवसांची उधारीही आपल्याच बाज़ारात चालते. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसला तर १५ दिवसांत द्यावयाचे आहेत. २०२३ च्या वित्त कायद्याने यात आयकराची जोड दिली. मुदतीत न दिलेली रक्कम खर्च म्हणून त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी मिळते. यावर आपल्या बाज़ारात बरीच ओरड झाली. मागवाल्यांनी मात्र ओरड केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

उशीर झाल्यास कायदा मागवाल्याला चक्रवाढ व्याजाचा हक्कही देतो. व्याज आपल्याला घ्यायचे नाही आणि द्यायचेही नाही, म्हणून मुद्दल मुदतीत देणे हाच आपल्यापुढचा सरळ रस्ता. हे संरक्षण हवे असेल तर मागधारक बंधूंनी 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. ती सरकारी संकेतस्थळावर आधार व पॅन क्रमांकावर मोफत होते, तिच्यासाठी पाचशे-हज़ार रुपये मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापावा म्हणजे व्यापाऱ्याला 'ठाऊक नव्हते' म्हणता येणार नाही. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ पासून ही नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. वेळेवर पैसे मिळण्याचा हा हक्क त्यात येत नाही, तो माल बनविणाऱ्याचा आणि सेवा देणाऱ्याचा आहे.